सौर पॅनेलचा स्टँड: लाकूड, लोखंड की ॲल्युमिनियम?

हॅम्बुर्गमध्ये आमच्या गल्लीत आता बऱ्याच बाल्कन्यांवर आणि परसात सौर पॅनेल दिसतात. मे २०२४ मध्ये जर्मनीने नियम सोपे केले. ८०० वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारा डबा) आणि २००० वॅटपर्यंतची पॅनेल घरच्या घरी जोडायची आणि सरकारी नोंदवहीत ऑनलाइन नोंद करायची, एवढंच. पॅनेलवरचा विक्रीकर तर २०२३ पासून शून्य आहे. पॅनेल स्वस्त झाली, पण कारागिराची मजुरी इथे परवडत नाही. म्हणून परसातला स्टँड आम्ही स्वतःच बांधला.

स्टँड म्हटलं की आपण वजन पेलण्याचा विचार करतो. पॅनेलचं वजन मात्र जेमतेम बावीस किलो. खरी झुंज वाऱ्याशी असते. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर चौरस मीटरमागे सुमारे ४७ किलोंचा रेटा बसतो आणि पॅनेल असतं जवळपास दोन चौरस मीटरचं. मागून वारा शिरला की ते पतंगासारखं वर ओढलं जातं. त्यामुळे पायाशी आम्ही ५० बाय ५० सेंटीमीटरच्या सिमेंटच्या फरश्या रचल्या. पाच सेंटीमीटर जाडीची एक फरशी तीस किलोंची भरते.

लाकडाचा मोह मलाही होता. इथे लार्च आणि डग्लस फर या झाडांचं लाकूड सहज मिळतं, कापायलाही सोपं. पण त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे साधे स्क्रू गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ येतात. तांब्याचे क्षार मुरवलेलं टिकाऊ लाकूड घ्यावं, तर ते पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला खातं.

शेवटी ॲल्युमिनियमच घेतलं. रंग नको, गंज नको, वजन लोखंडाच्या एक तृतीयांश. ताठपणाही एक तृतीयांशच असतो, म्हणून पट्टी नको, उंच काठाचा चॅनलच हवा. शिवाय ते उन्हात वाढतं: हिवाळ्यातल्या उणे दहापासून उन्हाळ्यात तापून पन्नास अंशांपर्यंत गेलं, तर चार मीटरची रेल (पॅनेल बसवायचा लांब चॅनल) साडेपाच मिलिमीटर लांबते. दोन रेलींच्या जोडात तेवढी फट ठेवावीच लागते.

सगळ्यात जास्त विचार मी नट-बोल्टांचा केला, कारण पॅनेल पंचवीस वर्षं चालणार आणि दगा देणार तो जोड. चकचकीत झिंक-प्लेटेड बोल्ट उघड्यावर काही पावसाळ्यांत लाल होतात. स्टेनलेसचेच घ्यावेत. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं, हे खरं. पण बोल्ट छोटा आणि ॲल्युमिनियमचा भाग मोठा असला की ही झीज पसरून नगण्य होते. उलट केलंत, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारलेत, तर रिव्हेट भराभर संपतात. स्टेनलेसचा नट आवळताना कधीकधी आट्यांतच जाम होतो, म्हणून आधी अँटी-सीझ पेस्ट लावावी आणि हळू फिरवावं.

तिकडे भारतात गच्चीवर स्टँड करून घेणार असाल, तर जीआयचा, म्हणजे झिंकचा थर दिलेल्या लोखंडाचा सांगाडा उत्तम आणि स्वस्त. फॅब्रिकेटरला एकच गोष्ट ठासून सांगा: कापणी, वेल्डिंग आणि भोकं सगळं आधी, हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवणं) नंतर. नंतर पाडलेल्या भोकाच्या कडेला झिंक उरत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. मालवण, रत्नागिरीसारख्या खाऱ्या हवेत स्टेनलेसचे बोल्ट ३०४ नव्हे, खारेपणाला जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचे मागा.