मला काही ऐकू आलं नाही

गुरुवार, रात्री उशिरा

आज महिला प्रार्थनेला बायबलातला शास्त्रभाग होता 1 शमुवेल, तिसरा अध्याय, लहानग्या शमुवेलाला रात्री देवाची हाक येते तो. पाळकीणबाईंनी तो दोनदा सावकाश वाचला. मग सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं आणि मनाला जो शब्द लागेल तो धरून ठेवायचा. नंतर एकेकीनं सांगायचं, प्रभू काय बोलला. कुणाला स्वतःच्या नावानं हाक आली. कुणाला माहेरच्या जमिनीच्या वादात काय करावं ते उमगलं. कोपऱ्यात बसलेल्या त्या कॉलेजातल्या मुलीला तर रडूच आवरेना. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही. ‘बरं,’ बाई म्हणाल्या आणि शेजारणीकडे वळल्या.

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. सगळ्यांनाच घरी जायची घाई होती. तरी ते ‘बरं’ भाकरी थापताना, ह्यांना वाढताना, ओटा पुसताना माझ्या मागेमागे फिरत राहिलं. दादाच्या रिपोर्टचा फोन आला तेव्हाही माझं अर्धं लक्ष तिथंच. त्या रिपोर्टबद्दल आज लिहवत नाही.

मला वगळलं गेलं असं वाटतंय. बाईंनी नव्हे.

संडेस्कूलपासून मी शास्त्र वाचत आले. आई गेली त्या आठवड्यातही सकाळचं वाचन सुटलं नाही. आणि इतक्या वर्षांत ‘देव मला असं म्हणाला’ हे छातीवर हात ठेवून सांगावं असं एकदाही घडलेलं नाही. बाकीच्या किती सहज सांगतात. त्या खोटं बोलतात असं मला क्षणभरही वाटत नाही, आणि दुखतं ते तिथंच. त्यांच्याशी बोलणारा देव तोच, शास्त्र तेच, सतरंजीही तीच. मग मलाच का नाही? मी काय मागत होते? फक्त माझ्यासाठीचं एक वाक्य. दादासाठी नव्हे, नीलच्या त्या भानगडीसाठीही नव्हे. नुसतं एवढंच, की तू आहेस हे मला माहीत आहे.

बाईंनी ईस्टरआधीच्या उपासकाळापासून शिकवलेली, वाचून डोळे मिटून बसण्याची ही पद्धत फार जुनी आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुसियन मठाचा प्रमुख गीगो यानं तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं असणं. त्याचं म्हणणं, वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत चव लागते आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. मी चावतेय. प्रामाणिकपणे चावतेय. पण त्याच गीगोनं असंही मानलं आहे की शेवटची पायरी कष्टानं चढता येत नाही, ती देव देतो. बाईंनी हे सांगितलं होतं तेव्हा मला धीर वाटला होता. आज त्याचाच राग येतोय. देणाऱ्यानं पंगतीत एकीलाच का गाळावं?

मघाशी हे लिहून थांबले आणि पणजीची आठवण झाली. दुष्काळाच्या साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेल्या मुलींपैकी ती एक. मुक्तीच्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायला बसायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र स्वतः मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला 1924 मध्ये, आणि छपाईचं काम केलं तिथल्याच बायकांनी. आजी सांगायची, पणजीची बोटं शिशानं काळी असायची. शिशाची अक्षरं उलटी. ती एकेक उचलायची, ओळीत बसवायची, ओळ तपासायची, पुढची घ्यायची. देव शमुवेलाशी बोलला तो अध्याय तिच्या नाही तर तिच्या शेजारणीच्या हातून गेला असेल. तिला कुणी विचारलं असेल का, तुला यातून काय मिळालं म्हणून? ‘देव माझ्याशी असं बोलला’ अशी तिच्या तोंडची एकही साक्ष आजीला आठवत नव्हती. तिच्या प्रार्थना मात्र आठवत होत्या. सगळ्या दुसऱ्यांच्या नावांच्या.

मग मी तोच अध्याय पुन्हा काढला. आज देवळात आम्ही सगळ्या शमुवेल झालो होतो. बोल, तुझा दास ऐकत आहे. ही दहावी ओवी आम्हाला पाळण्यात असल्यापासून पाठ. पण हे उत्तर त्या पोराला शिकवलं कुणी? एलीनं, ज्याच्या हाताखाली तो वाढत होता त्या म्हाताऱ्या याजकानं. आणि एलीला त्या रात्री काहीही ऐकू आलेलं नाही. तो आपल्या जागी पडून आहे, दृष्टी मंदावलेली. हाक पोराला येते, पोरगा धावत एलीकडे जातो, ‘मी आलो.’ एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जा, नीज. असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा त्या म्हाताऱ्याच्या लक्षात येतं की हा परमेश्वरच आहे. आवाज कानावर न पडता त्यानं तो ओळखला.

इतकी वर्षं मी एलीला फक्त नालायक मुलांचा ढिला बाप समजत आले. तो होताच तसा. शमुवेलाची आई हन्ना ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होती तेव्हा तिला दारू चढलीय असं याला वाटलं होतं. शास्त्र त्याचं काही झाकत नाही. तरी त्याच माणसापाशी पोरगा रात्री पुन्हा पुन्हा धावत गेला, आणि त्यानं एकदाही असं म्हटलं नाही की देव बोलायचाच तर माझ्याशी बोलेल, मी याजक आहे, चाळीस वर्षं इस्राएलाचा न्याय केलाय. मला वाटतं, मी त्या जागी असते तर हेवा वाटला असता. वाटतोच आहे की.

प्रार्थना संपल्यावर चपला घालताना ती कोपऱ्यातली मुलगी माझ्यापाशी आली होती. ‘मावशी, मला जे वाटलं ते देवाचंच का माझ्याच मनाचं, कसं ओळखायचं?’ इतक्या साक्षी देणाऱ्या बायका सोडून ती माझ्याकडे का आली कोण जाणे. मी माझ्याच दुःखात होते, तरी तिला म्हटलं, घाई करू नकोस, घरी जाऊन तेच पुन्हा वाच, देवालाच विचार, आणि परवा ये माझ्याकडे. ती मान हलवून गेली. आता लिहिताना जाणवतंय, मी तिला जवळपास तेच सांगितलं. जा, नीज, पुन्हा हाक आली तर असं म्हण.

हे माझं सांत्वन आहे की नाही, मला ठरवता येत नाही. मला अजूनही ते एक वाक्य हवंच आहे. उद्या सकाळीही मी ते मागणार, आणि मिळालं नाही तरी पुढचा अध्याय वाचणार. पण मघाचा घशातला आवंढा उतरलाय. माझ्याकडेही कुणीतरी विचारायला येतं, तर देवाच्या या घरात माझंही काही काम असेल.

परवा ती मुलगी आली की हाच अध्याय घेऊ, मात्र दहाव्या ओवीवर थांबायचं नाही. देवळात आपण नेहमी तिथंच थांबतो. शमुवेलाला पुढे जे ऐकावं लागलं ते एलीच्याच घराण्यावरच्या शिक्षेचं होतं. तो सकाळपर्यंत पडून राहिला, उठून परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली, आणि एलीला सांगायला भ्याला. एलीनंच त्याला जवळ बोलावून म्हटलं, माझ्यापासून काही लपवू नकोस. त्या मुलीला जे ऐकू आलंय ते काय आहे, ते मी अजून विचारलेलंच नाही. आधी तेच विचारीन.