सत्तरीचा लक्ष्या

आज परत तेच झालं. फोन उघडला तर एका नटाचा मोठ्ठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, काळजात एकदम धस्स झालं, आणि खाली वाचते तर काय, वाढदिवस! अरे मग रंगीत फोटो टाका ना बाबांनो, इथे जीव जातो माणसाचा.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ही धास्ती जरा जास्तच बसलीय. आधी असरानी गेले, पाच दिवसांत सतीश शाह, मग धर्मेंद्र. त्यांच्या बाबतीत तर आधी खोटीच बातमी सुटली, घरच्यांना पुढे येऊन सांगावं लागलं की अहो ते आहेत, उपचार चालू आहेत, आणि मग दोनेक आठवड्यांनी 24 नोव्हेंबरला खरंच गेले. म्हणजे एकाच माणसासाठी दोनदा रडायचं.

नवरा विचारतो, तुझे कोण लागत होते गं ते? कोणीच नाही, मान्य. 1956 मध्येच डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी यावर लिहून ठेवलंय, की रेडिओ-टीव्हीवरच्या माणसाशी आपली ओळख आहे असं बघणाऱ्याला वाटायला लागतं पण मामला सगळा एकतर्फी, तिकडच्याला आपला पत्ताच नसतो. पॅरासोशल म्हणतात त्याला. असेना का एकतर्फी, मला तर तेच बरं वाटतं. रुसवेफुगवे नाहीत, मानपान नाही, "तू हल्ली फोनच करत नाहीस" हे ऐकायला लागत नाही.

आणि ते एक ठरलेलं वाक्य असतं ना, कलाकार नाही, आपलं बालपण गेलं म्हणून रडू येतं, ते मला काही पटत नाही. बालपणात तर कितीतरी लोक रोज स्क्रीनवर दिसायचे, त्यातले अर्धे कधी गेले ते कळलंही नाही आणि कळलं असतं तरी एक अरेरे म्हणून पुढे गेले असते. मग लक्ष्याचंच का इतकं लागलं?

लक्ष्मीकांत बेर्डे गेला 16 डिसेंबर 2004 ला, जेमतेम पन्नास वर्षांचा होता. (गेला म्हणते, गेले नाही, त्याला अहोजाहो करायला माझी जीभच वळत नाही. अशोक सराफ मात्र मामा, आणि मामांना अहो. हे कोणी ठरवलं माहीत नाही.) तेव्हा मला पन्नास म्हणजे बरंच वय वाटलं होतं, आता मी स्वतः त्याच्या जवळ आलेय आणि कळतंय की हे काहीच नाही, आत्ता कुठे माणूस जरा निवांत व्हायला लागतो.

मामांना म्हातारं होताना आपण बघितलंय. केस पांढरे झाले, चाल जरा सावकाश झाली, पण ते काही बोलायच्या आधी क्षणभर थांबून नुसतं तिरकं बघतात ना, ते तसंच्या तसं. महाराष्ट्र भूषण झाला, 2025 ला पद्मश्री झाली, पंचाहत्तरी उलटल्यावर परत मालिकेत आले. त्यांना बघताना मी गोष्ट कमी आणि त्यांचे गुडघेच जास्त बघते, नीट उठतायत ना, धाप तर लागत नाहीये ना. वेडेपणा आहे, आहे तर आहे.

लक्ष्याचं हे काहीच झालं नाही. तो तिथेच राहिला, खांदे वर घेऊन, डोळे मोठे करून, एका दमात वाक्य सोडणारा, आणि शेवटच्या शब्दाला आवाज फाटणार हे आपल्याला आधीच माहीत असतं तरी हसायला येतंच. ते सगळं आहे माझ्याकडे, हवं तेव्हा लावता येतं, ते कुठे गेलंय? गेलं ते पुढचं. 2024 मध्ये तो सत्तरीचा झाला असता. सत्तरीचा लक्ष्या म्हातारा म्हणून कसा दिसला असता, कुठल्यातरी गंभीर रोलमध्ये त्याने आपल्याला रडवलं असतं का, की तिथेही मेला हसवूनच गेला असता? इरफानचंही तसंच वाटतं, 2020 ला गेला तेव्हा 53 चा, म्हातारपणाची कामं करायला काय चेहरा होता तो!

म्हणून असेल, पण खूप वय होऊन गेलेल्यांचं मला वाईट वाटतं आणि अर्ध्यातून गेलेल्यांचा चक्क राग येतो. राग कोणावर ते विचारू नका.

एरवी मी कलाकारांच्या मुलाखती बघत नाही. भ्रमनिरास होतो, हसवणारा माणूस खुर्चीत बसून करिअरबद्दल गंभीर बोलायला लागला की परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं. पण आज मामांची एक सापडलीय, चांगली दीड तासाची. अकरा वाजून गेलेत, सकाळी लवकर उठायचंय, तरी लावलीय.