सीट काढली, कार्पेट वाळवलं आणि मीटरवर तो लाल माणूस येऊन बसला

जुलैत गगनबावड्याहून परत येताना बायको म्हणाली, "गाडीत काहीतरी कुजलंय." मी सवयीने आधी नाही म्हटलं. घरी आल्यावर डावीकडच्या सीटपुढची मॅट उचलून कार्पेटवर तळवा दाबला, तर बोटांच्या फटीतून पाणी वर आलं.

पाऊस आत आला नव्हता. एसीचं पाणी गाडीखाली सोडणारी रबरी नळी चिखलाने बुजली होती, त्यामुळे ते पाणी बाहेर न पडता आतच मुरत होतं. खालून तार घातली तसं तांब्याभर गढूळ पाणी माझ्या कोपरावरून भळभळत आलं. रोग समजला, पण कार्पेटखालचा जाड फेल्ट पाणी पिऊन स्पंजासारखा झाला होता. पावसाळ्यात तो गाडीत राहून वाळणं अशक्य. म्हणून पुढच्या दोन्ही सीट काढायच्या ठरवल्या.

इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो, हे आवर्जून सांगतो. माझी गाडी २०१८ची, वरचं मॉडेल, त्यामुळे पुढच्या दोन्ही सीटच्या बाहेरच्या कुशीत साइड एअरबॅग आहेत. सीटखाली त्यांच्या वायरी जोडणारा पिवळा कपलर असतो. पिवळं वायरिंग म्हणजे एअरबॅगचं, त्याला उगीच हात लावायचा नाही, एवढं ठाऊक होतं. म्हणून आधी चावी काढली, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं आणि दहा मिनिटं चहा पीत बसलो. बॅटरी सुटली तरी एअरबॅग चालवणाऱ्या मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठून शिल्लक असते. कंपन्या साधारण दीड ते तीन मिनिटं थांबायला सांगतात, मी भित्रा म्हणून दहा. मग कपलर सोडवले, प्रत्येक सीटचे चार बोल्ट गोटी पान्याने काढले आणि सीट बाहेर ओढल्या. एक सीट उचलायची म्हणजे गव्हाचं पोतं उचलल्यासारखं, त्यात खालच्या रेलच्या कडा धारदार. माझ्या मनगटावर अजून वळ आहे.

सीट अंगणात पेपरवर ठेवल्या. वडिलांनी ड्रायव्हरची सीट बघितली, पाठ टेकवून बघितली, आणि तिथेच पेपर वाचत बसले.

दुपारी चारला आभाळ भरून आलं. सीट वडिलांसकट पोर्चमध्ये घेतल्या, पण गाडीच्या चारही काचा वाळवणीसाठी खाली केलेल्या. पॉवर विंडो. थेंब टपटपायला लागले आणि माझं डोकं बंद पडलं. बॅटरीचं टर्मिनल लावलं, चावी ऑन केली, काचा वर घेतल्या. वीस सेकंदांचं काम. पण चावी ऑन झाली की एअरबॅगचं मॉड्यूलही जागं होतं आणि आपली सगळी सर्किटं तपासतं. प्रत्येक एअरबॅग पेटवणाऱ्या इग्नायटरचा रेझिस्टन्स साधारण दोन ओम लागतो. माझ्याकडे तर सीटच पोर्चमध्ये. दोन सर्किटं गायब दिसली, मॉड्यूलने नोंद करून ठेवली.

दोन दिवसांनी फेल्ट वाळला. बॅटरी सोडवून सीट परत बसवल्या, कपलर लावले, चावी फिरवली. मीटरवर एअरबॅगचा दिवा, म्हणजे पोटाशी फुगा धरून बसलेला तो लाल माणूस उगवला. रोज तो सहाएक सेकंदांत जातो. त्या दिवशी गेला नाही.

दिवा राहतो म्हणजे फक्त लाल टिकली राहते असं नाही. मॉड्यूल सांगतंय की कुठेतरी खोट आहे, आणि वेळ आली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री देत नाही. मागच्या सीटवर मुलगी बसते, माझ्या शेजारी बायको. झोप काही नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचे उपाय सुरू झाले. पहिला, बॅटरी रात्रभर सोडून ठेवा. ठेवली. सकाळी घड्याळ बाराला आलं, रेडिओची स्टेशनं पुसली गेली, लाल माणूस जागेवर. होणारच. ही नोंद बॅटरी गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असते, ती टिकावी म्हणूनच तिथे ठेवलेली. दुसरा, चावी ठरावीक वेळा ऑन-ऑफ करा. काही निसान गाड्यांत असला खेळ चालतो, माझी गाडी त्यातली नाही. तिसरा उपाय मित्राचा: ब्लूटूथचा स्वस्तातला ओबीडी, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावला, ॲप म्हणालं, एकही कोड नाही. समोर दिवा पेटलेला, आणि मोबाइल हिरवी खूण दाखवतोय. अशी स्वस्त यंत्रं आणि फुकट ॲप बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात, जे 'पी' अक्षराने सुरू होतात. एअरबॅगचे कोड 'बी'ने सुरू होतात आणि ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतात.

चौथा उपाय वाचून मात्र अंगावर काटा आला. पिवळ्या कपलरमध्ये दोन ओमचा रेझिस्टर ठोका, मॉड्यूलला वाटेल एअरबॅग आहे. दिवा जातो, खरंच जातो. एअरबॅगशी जोड मात्र राहत नाही. जुनी गाडी घेताना चावी ऑन केल्यावर हा दिवा क्षणभरही पेटला नाही, तर कुणीतरी तो काढून टाकलाय असा संशय धरा. पण रेझिस्टरची लबाडी तेवढ्याने पकडता येत नाही. तसंच मल्टिमीटर घेऊन एअरबॅगचा रेझिस्टन्स मोजायला जाऊ नका. मीटरचा करंटसुद्धा इग्नायटर पेटवू शकतो.

मग सर्व्हिस सेंटर. तिथल्या ॲडव्हायजरने गाडीत न बसताच एस्टिमेट काढलं: सीटखालचं वायरिंग बदलावं लागेल, ₹६,८००, पार्ट यायला आठ दिवस. मी विचारलं, "कोड कुठला आलाय?" तो म्हणाला, "सर, ते सिस्टिममध्ये असतं." कागद घडी करून खिशात घातला आणि सरळ कोल्हापुरातलं उद्यमनगर गाठलं.

शिवाजी उद्यमनगरात एका बोळात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. पन्नाशीचे, कानाच्या मागे टेस्टर, हातात मात्र टॅबलेटएवढा स्कॅनर. सगळी गोष्ट ऐकून घेतली. काचा वर घेतल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी स्कॅनरवरून मान वर केली.

"चावी ऑन केलासा?"

"हो."

"ताडपत्री नव्हती व्हय घरात?"

ताडपत्री होती. पोर्चमध्येच होती, सीटच्या शेजारी.

स्कॅनर एअरबॅग मॉड्यूलमध्ये शिरला. दोन कोड. उजव्या साइड एअरबॅगचं सर्किट तुटलं होतं, शेरा 'हिस्टरी'. डाव्याचा रेझिस्टन्स जास्त, शेरा 'करंट'. त्या दोन शब्दांत सगळं होतं. उजवीकडचा दोष होऊन गेलेला, माझ्या वीस सेकंदांचा. डावीकडचा त्या क्षणीही चालू होता. काही गाड्यांत जोड नीट झाली की दिवा आपोआप जातो, माझ्या गाडीत कोड पुसावा लागतो, आणि दोष चालू असेल तर पुसलेला कोड परत येतो. त्यांनी पुसून दाखवला. दिवा सहा सेकंदांनी गेला, मला हायसं वाटेपर्यंत परत पेटला.

"आता कपलर बघू," ते म्हणाले. बॅटरी सोडवली आणि मला बाजूच्या गाड्यावर पाठवलं. चहा घेऊन आल्यावर त्यांनी डावी सीट मागे कलवून खालचा पिवळा कपलर सोडवला आणि टॉर्चखाली माझ्या नाकासमोर धरला. पिनांवर हिरवट पापुद्रा. आठवडाभर ओल्या फेल्टशेजारी पडून होता. आणि लॉकच्या खाचेत फेल्टचा करडा धागा, कापसाच्या वातीएवढा. त्या धाग्यामुळे लॉक पूर्ण बसलंच नव्हतं. मला लावताना आवाज आला होता, पण तो अर्धाच खटका होता. कपलरच्या आत एक बारीक पत्तीही दाखवली. कपलर सुटला की ती दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडून ठेवते, म्हणजे कुठून तरी स्थिर वीज (स्टॅटिक) येऊन एअरबॅग उडू नये.

धागा चिमट्याने काढला, काँटॅक्ट क्लीनर मारला, वाळू दिला. कपलर दाबला. आता जो खटका ऐकू आला तो वेगळाच, सुपारी फुटल्यासारखा. त्यावरचं दुसरं लॉकही सरकवलं. ते असतं हेच मला माहीत नव्हतं, उजवीकडचं मी सरकवलंच नव्हतं. तेही बसवून घेतलं. दोघंही गाडीबाहेर उभे राहिलो, त्यांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. डावाही 'हिस्टरी' झाला. पुसला. दिवा पेटला, मी मनात सहापर्यंत मोजलं, गेला. सीट पुढे-मागे सरकवून परत पाहिलं, नाही आला.

चारशे रुपये घेतले. एस्टिमेटचा कागद दाखवला तर वाचून हसले आणि त्यालाच हात पुसले.

कार्पेटला आता वास नाही. घड्याळ मी अजून लावलेलं नाही, पावणेपाच तास मागे आहे. वडील मात्र परवा चहाचा कप घेऊन पोर्चमध्ये उभे होते. म्हणाले, "ती सीट परत कधी काढणार आहेस?"