टेबलाच्या काठाशी उभे राहिलेले मूल

प्रदर्शनात माझ्या मॉडेलची पहिली मोडतोड झाली, तेव्हा मी टेबलापासून दोन पावलांवर उभा राहून एका मित्राशी हिरव्या रंगाच्या छटेबद्दल बोलत होतो. मॉडेल होते १:७२ प्रमाणातले, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, दुपंखी विमान. वरच्या आणि खालच्या पंखांमधले दांडे चिमट्याने एकेक करून बसवलेले होते आणि त्यांच्यामधल्या ताणाच्या तारांसाठी केसासारखा बारीक दोरा वापरला होता. नुसत्या त्या तारा ओवायलाच मला तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या होत्या. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा टेबलाच्या काठाशी येऊन बराच वेळ अगदी शांतपणे बघत राहिला आणि मग त्याने एक बोट पुढे करून प्रोपेलर हलकेच ढकलला. प्रोपेलर मी चिकटवून टाकलेला असल्यामुळे तो फिरला नाही, म्हणून त्याने थोडा जोर लावला. बारीकसा आवाज झाला, प्रोपेलर टेबलावर पडला आणि विमान मागे सरकून उजव्या बाजूचे दोन दांडे निखळले. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, हा फिरत का नाही?"

मला राग आला होता आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसलाही असणार, कारण त्याच्या आईने घाईघाईने माफी मागितली आणि त्याला हाताला धरून नेले. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. खऱ्या विमानाचा प्रोपेलर फिरतो हे त्या मुलाला ठाऊक होते आणि समोरचे विमान त्याला खरे वाटले होते. मॉडेल करणाऱ्याला याहून मोठी पावती कोण देणार? चूक मांडणीत होती आणि मांडणी मी केली होती. मुले येणार हे माहीत असूनही आपण टेबल फक्त मोठ्या माणसांसाठी मांडतो, आणि मग पालकांच्या शिस्तीवर आणि 'हात लावू नये' अशा पाटीवर विसंबून राहतो. ज्याला अजून वाचताच येत नाही त्याच्यासाठी पाटीचा उपयोग शून्य आहे. मॉडेल सांभाळणे हे मांडणाऱ्याचे काम आहे, या मतावर मी आता ठाम आहे.

त्यानंतर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गुडघ्यांवर बसून माझे स्वतःचे टेबल पाहिले. प्रदर्शनातली टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. पाच वर्षांच्या मुलाची उंची १०५ ते ११० सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे त्याचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून जेमतेम वीत-सव्वा वीत वर येतात. आपण मोठी माणसे विमानाकडे घारीसारखे वरून पाहतो, पण ते मूल धावपट्टीच्या कडेला उभे राहिल्यासारखे पाहत असते. चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, पंखाखालचे डाग, वैमानिकाचा चेहरा हे सारे त्याला आपल्याआधी दिसते. मॉडेल सगळ्यात खरे दिसते ते याच कोनातून, आणि त्या कोनातून पाहणाऱ्याचा हात सगळ्यात लवकर पुढे येतो.

त्या उंचीवरून आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती टेबलक्लॉथची. समोरच्या बाजूला जमिनीपर्यंत सोडलेले कापड दिसायला छान दिसते आणि खालची खोकीही झाकली जातात, परंतु नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला आधारासाठी धरायला तेच कापड सगळ्यात सोयीचे असते. त्या मुलाने तोल सावरण्यासाठी कापड ओढले, तर एक मॉडेल नव्हे, सगळी रांगच काठाकडे सरकते. मी आता कापड टेबलाच्या काठाखाली दुमडून क्लिपांनी घट्ट बसवतो. खाली झाकण हवेच असेल, तर ते टेबलाच्या खालच्या अंगाला वेगळे चिकटवतो. ते निघून आले तरी वर काही हलत नाही.

हाताच्या पल्ल्याचा हिशेबही सोपा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात काठावरून ओणवे होऊन पन्नास-एक सेंटिमीटर आतपर्यंत सहज पोहोचतो. नेहमीच्या अरुंद टेबलावर एवढी जागा मोकळी सोडली तर मांडायला काहीच उरत नाही, म्हणून दोन टेबले एकामागे एक जोडावीत, नाजूक मॉडेल मागे ठेवावीत आणि मागची रांग पायऱ्यांसारखी उंच करावी, म्हणजे ती लांबूनही नीट दिसते. पुढच्या रांगेत माझे रणगाडे असतात. १:३५ प्रमाणातला रणगाडा प्लास्टिकचा असला तरी अंगाने भरीव दिसतो आणि तसा टिकाऊही असतो. त्याची ॲंटेना मात्र मी प्रदर्शनापुरती काढून ठेवतो. विमानांच्या नाकाशी किंवा पंखाच्या टोकाशी असलेली वेगमापकाची नळी मी आता बारीक पोकळ नळीत नुसती अडकवतो, कारण चिकटवलेली नळी धक्का लागला की मुळातून तुटते आणि अडकवलेली नळी नुसती निसटते.

नाजूकपणा हा मुळात प्रमाणाचा परिणाम आहे. खऱ्या विमानावरची पाच मिलिमीटर जाडीची तार १:७२ मध्ये ०.०७ मिलिमीटर होते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. खऱ्या जहाजाच्या डेकवरचा एक मीटर उंचीचा कठडा १:७०० मध्ये दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही आणि तो कोरीव पितळी पत्र्याचा असल्यामुळे एकदा वाकला की पूर्वीसारखा सरळ होत नाही. त्यामुळे जहाजांच्या बाबतीत मी वादच घालत नाही: जहाज प्रदर्शनात जाणार ते पेटीतूनच.

पेटीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पेटी म्हणजे प्रेक्षक आणि मॉडेल यांच्यामधली भिंत असे मानणारे अनेक जण आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. दिव्यांचे प्रतिबिंब पडते आणि फोटो नीट येत नाहीत. काच जड असते आणि फुटली तर मुलांना इजा होते, म्हणून काच नकोच. ॲक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकचे वजन काचेच्या निम्म्याहून कमी असते आणि तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा लहान व मध्यम पेटीला पुरतो. पॉलिकार्बोनेट हे दुसरे पारदर्शक प्लास्टिक आघात जास्त सोसते, पण त्यावर ओरखडे फार लवकर उठतात. माझी पहिली पेटी मी नुसती टेबलावर पालथी घातली होती आणि चार वर्षांच्या एका मुलीने ती दोन्ही हातांनी, मोठ्या काळजीने, भांड्यावरचे झाकण उचलावे तशी उचलली. झाकण हलके असले की ते उचलले जाणारच! आता माझ्या पेट्यांच्या लाकडी तळाला कडेने खोबण आहे, पेटी तिच्यात बसते आणि खालून दोन स्क्रू लागतात. कापलेल्या कडा बारीक पॉलिशपेपरने बोथट करायला विसरू नये, कारण मुलांचे गाल त्या कडांना टेकतात. बोटांचे ठसे पुसायला मऊ कापड आणि पाणीच वापरावे. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या काचेच्या क्लीनरने ॲक्रिलिकवर बारीक भेगांचे जाळे पडू शकते. पेटी चिकटवताना सुपरग्लू वापरला तर त्याच्या वाफेने आतली बाजू पांढुरकी होते, हे मी एका चांगल्या पेटीचा बळी देऊन शिकलो.

मोठ्या देखाव्यांना आणि धावत्या रेल्वेच्या मांडणीला पूर्ण पेटी घालता येत नाही. तिथे पुढच्या काठाला वीसेक सेंटिमीटर उंचीचा पारदर्शक पत्रा उभा करणे पुरेसे ठरते. मूल त्यातून आरपार पाहते आणि हात वरून घालायचा तर कोपर उचलावे लागते; तेवढ्या वेळात आपल्याला बोलायची संधी मिळते. काही मंडळी रेल्वेची मांडणी छातीएवढ्या उंचीवर नेतात. त्याने रुळांचे रक्षण होते हे खरे, पण मुलाला फक्त टेबलाची फळी दिसते. मग वडील त्याला कडेवर उचलतात आणि बुटातले दोन पाय नेमके स्टेशनावर लोंबकळू लागतात. त्यापेक्षा पायाखाली एक भक्कम, न घसरणारा पाट ठेवावा आणि पाटासमोर पत्रा थोडा उंच करावा. दोरीचे कुंपण मात्र मला कधीच पटले नाही. मोठ्यांच्या कमरेच्या उंचीची दोरी म्हणजे मुलांसाठी कमान असते.

एवढे सगळे करूनही हात पुढे येतोच, आणि त्या क्षणी आपण काय बोलतो यावर पुष्कळ अवलंबून असते. "हात लावू नको" असे मी आता म्हणत नाही. लहान मूल बोटांनीही पाहत असते आणि त्या बोटांना दुसरे काही काम दिल्याखेरीज ती थांबत नाहीत. "या गावात एक कुत्रं लपलंय, तुला सापडतं का बघ," असे म्हटले की हात आपोआप मागे जातो आणि डोळे कामाला लागतात. म्हणून मी प्रत्येक देखाव्यात एखादे कुत्रे, एखादी सायकल, छपरावर एखादी मांजर मुद्दाम ठेवतो. विमानांसाठी एक छोटी बॅटरी ठेवली आहे. मूल ती दोन्ही हातांत धरून पेटीबाहेरून आत प्रकाश टाकते आणि वैमानिकाच्या समोरची घड्याळे मोजते. दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि त्याला जे पाहायचे होते ते नीट पाहायलाही मिळते.

शिवाय टेबलाच्या एका कोपऱ्यात, मुलांच्या बाजूला, हात लावण्यासाठीच केलेले एक विमान असते. स्वस्त किटचे (जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचे), जाड पंखांचे, सगळे सांधे आतून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मजबूत केलेले, बारीक भाग मुळातच न लावलेले आणि लाकडी ठोकळ्याला बोल्टने पक्के केलेले. त्याचा प्रोपेलर धातूच्या नळीत बसवला आहे आणि तो फिरतो. रंगावर चकचकीत वॉर्निशचे तीन हात दिले आहेत, कारण मॅट रंगावर बोटांचा तेलकटपणा लगेच उमटतो. शेजारी फ्रेमला जोडलेले किटचे सुटे भागही ठेवतो, म्हणजे हे एवढ्या तुकड्यांतून तयार होते हे मोठ्या मुलांना हातात घेऊन समजते. हे विमान ठेवल्यापासून बाकीच्या मॉडेलांकडे जाणारे हात कितीतरी कमी झाले आहेत.

यातही सावधगिरी लागते, कारण रक्षण फक्त मॉडेलचे करायचे नसते. तीन वर्षांखालील मूल हाती आलेली वस्तू तोंडात घालते, म्हणून सुटे भाग त्यांच्या हाती जाऊ देऊ नयेत. जुन्या धातूच्या सैनिकांच्या मिश्रधातूत शिसे असू शकते. ते पेटीतच राहावेत. तळाला मॉडेल धरून ठेवण्यासाठी काही जण छोटे पण फार ताकदवान निओडिमियम चुंबक वापरतात. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंना चिकटून तिथे छिद्र पाडू शकतात, म्हणून ते पूर्ण गाडून वरून बंद केलेले असावेत. ब्लेड, चिमटे आणि सुपरग्लू टेबलावर कधीही उघडे ठेवू नयेत.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. मागच्या काही प्रदर्शनांत माझ्या टेबलावर झालेले बहुतेक नुकसान मोठ्यांनी केले आहे: खांद्यावरून सुटलेली पिशवी, गळ्यात लोंबणारे ओळखपत्र, कॅमेरा पुढे नेण्याच्या नादात टेकलेले कोपर. मुलांना आपण निदान बजावतो तरी.

मोडलेच तर त्यासाठी माझ्याजवळ एक डबी असते. तिच्यात झाकणाच्या छोट्या पिशव्या, पांढरा गोंद, बारीक कुंचला आणि प्रत्येक मॉडेलच्या मुख्य रंगाचे दोन थेंब असतात. तुटलेला तुकडा आधी पिशवीत घालायचा, मग मुलाशी बोलायचे. उलट क्रमाने केले तर तुकडा बुटाखाली जातो. दुरुस्ती शक्यतो घरीच करावी, गर्दीत आणि रागात केलेली दुरुस्ती परत काढावी लागते.

त्या दुपंखी विमानाचे दांडे मी नंतर बसवले, तारा पुन्हा ओवल्या आणि या वेळी प्रोपेलर मोकळा ठेवला. ते आता पेटीत असते. पेटीच्या मागच्या बाजूला, नाकाच्या अगदी रेषेत, एक भोक पाडले आहे. मुलाने तिथून जोरात फुंकर मारली की प्रोपेलर दोन-तीन फेरे घेतो.