शहर कुठे संपतं?

रविवार, सकाळी साडेदहा

आत्ताच आले. बुटांना चिखल लागलाय, पण ओला चिखल पुसायला गेलं की पसरतो, म्हणून वाळू दिलाय. तोवर लिहून घेते.

पहाटे निघाले. शेवटच्या थांब्यापर्यंत बस, पुढे पायी. हद्द संपल्याची पाटी थांब्यापासून दहा मिनिटांवर आहे. तिच्या पलीकडेही तीच अर्धवट बांधकामं आणि तसेच राडारोड्याचे ढीग, त्यामुळे त्या पाटीवर माझा काडीचा विश्वास नाही. गेले काही रविवार मी एकटीच एक खेळ खेळतेय. शहर नेमकं कुठे संपतं ते शोधायचं. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

आधी वाटायचं, गाड्यांचा आवाज थांबला की संपलं शहर. आज तळ्याकाठी पोचले तर हायवे मागच्या झुडपातून जात असावा इतका स्पष्ट ऐकू येत होता. दुपारी त्याच जागी तो जेमतेम जाणवतो. पहाटे गाड्या कमी आणि आवाज मात्र जास्त, हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. उत्तर हवेत आहे. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन निवते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवेत आवाजाचा वेग कमी, उबदार हवेत जास्त. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि लांबवर पोचतो. ऊन चढलं की उलट, तो वरच्या वर निघून जातो. म्हणजे शांतता हवी म्हणून गजर लावून उठायचं आणि नेमकं नको त्या वेळी पोचायचं! तरी मी पहाटेच जाणार. दुपारच्या शांततेत पक्षीही गप्प असतात.

पक्ष्यांनाही हा आवाज सोसावा लागतोच. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांचा अभ्यास झाला होता, २००३ साली प्रसिद्ध झालेला. गोंगाटाच्या जागी राहणारे नर खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गात होते, कारण रहदारीची घरघर खालच्या सुरांना गिळते. हे वाचल्यापासून बसथांब्यावरचे पक्षी मला जरा ताणून गातात असं वाटतं. हा माझ्या मनाचा खेळही असेल.

आवाजावर भरवसा नाही म्हटल्यावर मी झाडांची खोडं बघायला लागले. थांब्याजवळची खोडं काळपट, बोडकी. वाट ओढ्याकडे वळते तिथे एका खोडावर नखाएवढा राखाडी-हिरवा ठिपका दिसतो. पुढच्या झाडावर चार, मग तळहाताएवढे, कडा कुरळ्या झालेले. हे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात. पाणी असो की धूर, जे काही घ्यायचं ते अंगानेच घ्यायचं, म्हणून खराब हवा त्याला लवकर बाधते. १८६६ साली विल्यम नीलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसबद्दल हेच नोंदवलं होतं. लक्झेंबर्ग बागेत शैवाकं भरपूर, शहरात इतरत्र ती दिसेनाशी झालेली. मला हे फार आवडलं. हद्दीची पाटी सरकवता येते, तो पहिला ठिपका नाही. आज बघितलं, आहे तिथेच आहे.

पण सगळ्यात चिवट शहर डोक्यातलं. शैवाक दिसलं, ओढा ओलांडला, तरी मी शुक्रवारच्या एका मेलला मनातल्या मनात उत्तर लिहीतच होते. तिसरा मसुदा! घरच्यांनी मला १२० मिनिटांचं सांगितलेलं. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांची पाहणी, २०१९ सालची. आठवड्याला निदान तेवढा वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असं सांगणारे जास्त निघाले. एका दमात गेलात की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडत नव्हता. (मुळात तब्येत बरी असणारेच जास्त फिरत असतील, हेही आहेच.) तेव्हापासून मी घड्याळ लावून फिरायचे, हप्ता फेडल्यासारखी. आज घड्याळ चार्ज करायचंच विसरले.

मग तळ्याकाठच्या दगडावर नुसती बसले. समोरच्या वाळक्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून उभा. त्याची पिसं पाणी धरतात, त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर असं वाळत राहावं लागतं. तो मधूनच एक पंख हलवायचा, मान वळवायचा, पुन्हा तसाच उभा. किती वेळ बघत होते कोण जाणे. तो उडाला तेव्हा पंखांचा फडफडाट पाण्यावरून ऐकू आला, आणि त्याच्यामागे हायवेसुद्धा. म्हणजे तो सुरूच होता, मधल्या वेळात मलाच ऐकू येत नव्हता.

परतताना शेवटचा ठिपका मागे पडला आणि दहाएक पावलांत मेलमधलं अडलेलं वाक्य आठवलं. शब्दसुद्धा सुचले, चांगले होते. लिहून ठेवले नाहीत.

चिखल वाळलाय. ब्रश घेऊन गॅलरीत जाते.