ती दहा वर्षं कुठे गेली?

आठवीत माझी दाढ दुखायला लागली ती नेमकी गणपतीच्या चवथीला. घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची धांदल, चुलीवर नेवऱ्या (करंज्या), आणि मी लवंग दाढेखाली धरून कोपऱ्यात. सुट्टी संपली तरी सूज उतरली नाही, तशीच शाळेत आले. विज्ञानाच्या बाईंनी गालाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यंदाच्या हस्तलिखितात दातांच्या डॉक्टरणीवर तूच लिही गो. विषय तुझ्या तोंडातच आहे." वर्ग हसला. मला हसताही येईना.

शनिवारी बाई कदंबाच्या बसने पणजीला गेल्या आणि सेंट्रल लायब्ररीतून दोन पानं टिपून घेऊन आल्या. ल्युसी हॉब्ज, जन्म १८३३, अमेरिका. (लायब्ररी १८३२ची, म्हणजे ल्युसीहून वर्षाने थोरली!) डॉक्टर व्हायला सिनसिनाटीला गेली, तर मेडिकल कॉलेजने बाई म्हणून घेतलं नाही. दातांकडे वळली, तर १८६१ साली ओहायोच्या डेंटल कॉलेजचाही नकार. तेव्हा पदवीवाचून दवाखाना चालवता यायचा. तिने सरळ पाटी लावली. पुढे आयोवात असं नाव काढलं की १८६५मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतलं. मग मात्र नकार देणाऱ्या त्याच कॉलेजात तिला थेट शेवटच्या वर्षाला प्रवेश मिळाला. २१ फेब्रुवारी १८६६ला पदवी हातात. डेंटल कॉलेजची पदवी घेणारी ती पहिली बाई. लग्नानंतर तिने नवऱ्यालाही हे काम शिकवलं. तो आधी रेल्वेचे डबे रंगवायचा.

एवढं सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. बाईंनी लाल पेनाने समासात लिहिलं, 'ती दहा वर्षं कुठे गेली?' दंतवैद्यक सुरू करण्याआधी ल्युसी दहा वर्षं शाळेत शिकवत होती, ते मी गाळलं होतं. दातांशी त्याचा काय संबंध! बाईंनी अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं. राग आला होता, खोटं कशाला सांगू.

बारावीनंतर बांबोळीच्या डेंटल कॉलेजात गेले. 'पोरीने परक्या माणसांच्या तोंडात हात घालायचा?' असं म्हणणारे नातेवाईक निघालेच. तेच पुढे फुकट दात दाखवायला आले, तो भाग सोडा.

आज लहान मूल खुर्चीत बसलं की मी आधी आरसा त्याच्या हातात देते आणि दाढेवरचा काळा ठिपका त्यालाच शोधायला लावते. सापडला की ते रडायचं विसरतं. हे मला कॉलेजात कोणी शिकवलेलं नाही. बाई आम्हाला जास्वंदीचं फूल हातात देऊन केसर मोजायला लावायच्या, तेच हे.

गेल्या वर्षी बाई कवळीसाठी आल्या. मापाचा साचा तोंडात, त्यामुळे तीन मिनिटं गप्प. त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं. साचा निघताच विचारलं, "ते हस्तलिखित आहे काय गो अजून?"

शाळेच्या कपाटात असल्यास संपादक मंडळाने कृपया कळवावं. बाई वाट पाहताहेत.