अडल्या हरीची वही

नळ शनिवारी रात्री गळायला लागला. प्लंबर म्हणाला, "उद्या येतो." रविवारी म्हणाला, "संध्याकाळपर्यंत येतो." सोमवारी त्याने फोनच उचलला नाही. तोवर त्या टपटपीने माझी झोप पार उडवली होती. आवाज येऊ नये म्हणून बादलीत फडकं टाकलं आणि सकाळी उठून बादलीतलं पाणी मोजलं. रात्री अकरा ते सकाळी सात या आठ तासांत दीड लिटर, म्हणजे दिवसाला साडेचार लिटर. थेंबे थेंबे तळे साचे, पण ते तळं माझ्या सिंकखाली साचत होतं.

बुधवारी तो आला. सात मिनिटांत वायसर बदलून गेलासुद्धा. वायसर म्हणजे नाण्याएवढा रबराचा तुकडा. त्या तुकड्यासाठी चार दिवस मी एका माणसाची मनधरणी करत होते. अडला हरी म्हणतात तो हाच. अर्थात त्या बिचाऱ्याला गाढव म्हणण्यात अर्थ नाही, त्याला माझ्यासारखे दहा हरी सांभाळायचे असणार.

यातली खरी गंमत पुढे आहे. हे सगळं चाललं होतं तेव्हा माझं 'स्वावलंबनाचं वर्ष' सुरू होऊन दोन महिने झाले होते. एक जानेवारीला मी फ्रीजवर चौदा संकल्पांची यादी लावली होती. भाजी घरची, कपडे घरी शिवलेले, साबण घरचा, वीज सूर्याची, सहा महिन्यांचा खर्च बँकेत शिल्लक, आणि असंच बरंच काही. फेब्रुवारीअखेर शिलाई मशीन परत खोळीत गेलं होतं. साबण केला तो दुसऱ्याच दिवशी वापरायला घेतला. साबणाला चार ते सहा आठवडे मुरू द्यावं लागतं हे मी नंतर वाचलं, हात चुरचुरायला लागल्यावर. टोमॅटोची रोपं मात्र जोमात होती. नुसती पानं. फळ एकही नाही.

त्या टोमॅटोने मला पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर अर्ध्या तासाने बाल्कनीत जाऊन ऊन कुठवर आलंय ते टिपलं. एकूण साडेतीन तास. टोमॅटोला किमान सहा तास थेट ऊन लागतं, आठ मिळालं तर उत्तम. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवून घेतात. म्हणजे चूक ना रोपांची होती ना खताची. मी बाल्कनीला तिच्याकडे नसलेली गोष्ट मागत होते.

मग हिशेब करायची चटकच लागली. समजा मी फक्त बटाट्यावर जगायचं ठरवलं. (ठरवू नका.) दिवसाला दोन हजार कॅलरी धरल्या आणि शंभर ग्रॅम बटाट्यात साधारण ७७, तर रोज चांगले २.६ किलो बटाटे लागतील. वर्षाला साडेनऊशे किलो. शेतात एका चौरस मीटरला दोन किलो निघाले असं धरलं तर पावणेपाचशे चौरस मीटर जमीन हवी. माझी बाल्कनी चार चौरस मीटरची. आठ किलो बटाटे म्हणजे तीन दिवसांचं जेवण, तेही उन्हाने कृपा केली तर. हा आकडा पाहिल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट हायसंच वाटलं. 'भाजी घरची' ही ओळ मी फ्रीजवरून खोडली आणि त्या जागी लिहिलं, 'दोन कुंड्या पालेभाजी, आठवड्यातून एकदा काढता येईल एवढी.' ती आजही निघते आहे.

पण बाकीच्या तेरा ओळींचं काय करायचं ते कळत नव्हतं. प्लंबर येऊन गेला त्या रात्री एक जुनी अर्धी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: अडल्या हरीची वही. नियम एकच. महिनाभर, जेव्हा जेव्हा माझं काम दुसऱ्यावाचून अडेल तेव्हा तारीख, काय अडलं आणि किती वेळ खोळंबा झाला, एवढंच टिपायचं. सुधारायचं काही नाही, नुसतं टिपायचं.

महिन्याअखेर ४१ नोंदी झाल्या. त्यातल्या १२ वेळा मी भाच्याला फोन केला होता, कधी पासवर्ड विसरले म्हणून, कधी ऑनलाइन फॉर्म अडकला म्हणून, एकदा तर प्रिंटरला कागद दिसेना म्हणून. नळ, कडी, बिजागरी, प्लग अशा घरातल्या दुरुस्त्या ९. कपड्यांच्या ७, म्हणजे तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, अडकलेली चेन. सायकलच्या ४. उरलेल्या ९ फुटकळ. वही मिटली आणि फ्रीजसमोर जाऊन उभी राहिले. चौदा संकल्प आणि ४१ नोंदी. कपडे सोडले तर दोन्हींत काहीही सामाईक नव्हतं. आणि कपड्यांतसुद्धा यादीत मी झगा शिवणार होते, वहीत मला बटण लावता येत नव्हतं! साबणावाचून माझं एकदाही अडलं नव्हतं. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आयुष्याची यादी उतरवून काढली होती. कुणाच्या ते नक्की सांगता येत नाही, पण त्या बाईकडे विहीर, अंगण आणि भरपूर रिकामा वेळ असावा.

यादी फाडली. वहीतून नवीन उद्दिष्टं काढली, आणि एका वेळी दोनच.

पहिलं भाच्याचं, कारण आकडा त्याचा मोठा. मला वाटत होतं की आपल्याला 'कॉम्प्युटर शिकायला' हवा. वही वाचल्यावर दिसलं की बारापैकी सात फोन निव्वळ पासवर्डचे होते. म्हणजे शिकायचं असं फारसं नव्हतंच. एक दुपार घालवून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप, लावला. उरलेल्या कामांच्या पायऱ्या भाच्याला समोर बसवून माझ्या अक्षरात लिहून घेतल्या. त्याने लिहिलेल्या नव्हे, माझ्या. तो लिहितो 'सेटिंग्जमध्ये जा', मी लिहिते 'वर उजवीकडे दातेरी चाकाचं चित्र'. पुढच्या महिन्यात त्याला दोनच फोन झाले. परवा तो म्हणाला, "मावशी, रागावलीस का? फोन नाही करत हल्ली." आता रविवारी गप्पांसाठी करते.

दुसरं नळाचं. आधी लिहिलं होतं, 'नळदुरुस्ती शिकायची.' दोन आठवडे ती ओळ माझ्याकडे आणि मी तिच्याकडे बघत बसलो. शिकायची म्हणजे किती? संपली कधी म्हणायची? मग खोडून लिहिलं: 'स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर कुणाला न विचारता बदलायचा, पाणी बंद करण्यापासून पुन्हा सुरू करण्यापर्यंत.' वाक्याच्या त्या शेवटच्या तुकड्याने घात केला, कारण पाणी बंद करायला गेले तर मेन कॉक, म्हणजे घरात येणारं सगळं पाणी बंद करणारी तोटी, हलेना. वर्षानुवर्षं कुणी हातच लावला नव्हता त्याला. तेव्हा उद्दिष्ट आणखी लहान झालं: मेन कॉक फिरता करायचा. तेल सोडून, थोडा पुढे थोडा मागे करत, जोर न लावता, चार दिवसांत तो फिरायला लागला. हे काम माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. पण रात्री पाइप फुटला तर घर वाचवणारी वस्तू तीच आहे, वायसर नव्हे. आता दर महिन्याच्या एक तारखेला तो एकदा बंद-चालू करते, आणि त्याच हाताने विजेच्या बोर्डावरच्या आरसीसीबीचं (वीज कुठे गळली तर लगेच बंद करणारा स्विच) 'टी' लिहिलेलं बटण दाबून तो खरंच पडतो का ते बघते.

मग नळ. सिंकच्या भोकावर फडकं, नाहीतर स्क्रू थेट गटारात. वरची मूठ काढली, पान्याने नट सैल केला, स्पिंडल, म्हणजे नळातला दांडा, फिरवून बाहेर आला, त्याच्या टोकाला तो रबरी तुकडा. जुना वायसर हातात घेऊनच दुकानात जायचं हे मात्र मी नशिबाने आधी ऐकलं होतं, नजरेच्या अंदाजाने आणलेला हमखास चुकतो. प्लंबरची सात मिनिटं, माझे दोन तास चाळीस मिनिटं. मी अंदाज अर्ध्या तासाचा लिहिला होता.

या अंदाजांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की काम कधी पुरं होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिघडायचं तेवढं बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे माणूस मुद्दाम वाईटात वाईट कल्पना करायला बसला तरी त्याची कल्पना तोकडी पडते. हे वाचल्यापासून माझा साधा नियम आहे, पहिल्यांदाच करायच्या कामाचा अंदाज तिपटीने लिहायचा. दुसऱ्यांदा तेच काम पस्तीस मिनिटांत झालं, ते वेगळं.

कपड्यांचं लवकर आटोपलं. बटण, धावदोरा, उलटी टीप, काठ दुमडून हातशिलाई. एवढ्या चार गोष्टींत सातपैकी सहा नोंदी बसल्या. चेन अजून शिंप्याकडेच जाते.

पैशांवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ अडून राहिले. 'सहा महिन्यांचा खर्च शिल्लक' हे वाक्य सगळीकडे इतकं सहज फेकलं जातं की ते किती मोठं आहे हे कुणी बघत नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला टाकला आणि उरलेले नऊ हिस्से खर्च केले, तर एका महिन्याच्या खर्चाइतके पैसे जमायला नऊ महिने लागतात. सहा महिन्यांचे जमायला चोपन्न. साडेचार वर्षं! मी एक जानेवारीला ते डिसेंबरपर्यंत करणार होते. मग मी महिने सोडून दिवस मोजायला लागले. दहा टक्के टाकले की दर महिन्याला तीन दिवस आणि वर थोडे तास विकत घेतले जातात. आज माझ्याकडे एकतीस दिवस आहेत. नोकरी गेली तर एकतीस दिवस मला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. सहा महिन्यांच्या तुलनेत हा आकडा केविलवाणा आहे, पण दर महिन्याला तो हलतो, आणि हलताना दिसतो.

यासाठी रोजचा खर्च लिहायची सवय लावावी लागली. तीही आधी सुटली होती, कारण सवय एकवीस दिवसांत लागते असं कुठेतरी ऐकलं होतं आणि बाविसाव्या दिवशी मी निर्धास्त झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांना पाहिलं होतं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आलं. मला त्यातला हा शेवटचा भाग सगळ्यात उपयोगी पडला. मी चुकलेल्या दिवसाचं प्रायश्चित्त म्हणून पूर्ण वहीच सोडून देणाऱ्या जातीतली.

वहीच्या शेवटच्या पानावर एक उलटी यादी आहे: हे शिकायचं नाही. विजेचा बोर्ड उघडणं, गॅसच्या नळीचा जोड, छपरावर चढणं, आणि स्वतःची औषधं स्वतः ठरवणं. यात अडलं तर खुशाल अडायचं आणि जाणत्याला बोलवायचं. शेजारच्या काकूंना वाटतं की मी आता सगळं घरीच करते. त्यांच्याकडे आहे ती लांब शिडी मी गेल्या महिन्यात दोनदा आणली आहे, आणि त्यांच्या बाथरूमचा नळ दोनदा उघडला आहे. ही देवघेव अडल्याच्या वहीत लिहायची की नाही यावर मी बराच विचार केला. लिहीत नाही.

सध्या सायकल चालू आहे, म्हणजे चालू नाही. उद्दिष्ट असं: मागच्या चाकाचं पंक्चर स्वतः काढायचं, तीन प्रयत्नांत. पहिल्यांदा सोल्युशन लावलं आणि लगेच पॅच दाबला. ते पाच मिनिटं सुकून चिकट व्हायला हवं असतं. दुसऱ्यांदा घड्याळ लावून थांबले. पॅच छान बसला, ट्यूब बादलीत बुडवून पाहिली, एकही बुडबुडा नाही. सायकल घेऊन ऐटीत बाहेर पडले आणि कोपऱ्यावर चाक पुन्हा बसलं. ढकलत घरी आणली. टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं मी विसरले होते, काटा तिथेच होता. आता तो काढून वहीच्या पानाला चिकटपट्टीने लावून ठेवला आहे. तिसरा प्रयत्न रविवारी, अंदाज दीड तासाचा.